लिलावातील मोटारीचा गाळलेला इतिहास

देशातील कोणत्याही भाषेचे दैनिक उघडले, तरी आतल्या पानांवर बारीक अक्षरांतील एक सूचना हमखास आढळते. थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेल्या मालमत्तेचा लिलाव ‘जे आहे जेथे आहे’, ‘जे आहे जसे आहे’ आणि ‘जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वावर केला जाईल, असे त्यात म्हटलेले असते. वाचकाची नजर तीवरून सहज पुढे सरकते. मला मात्र ही त्रिसूत्री आपल्या बाजारातील अत्यंत प्रामाणिक विधानांपैकी एक वाटते. या वस्तूविषयी आम्ही हमी देणार नाही आणि उद्या काही निघाले तर आमच्याकडे येऊ नका, हे विक्रेता त्यातून चक्क पैसे मोजून जाहीर करत असतो.

घर किंवा जमीन असेल, तर खरेदीदाराला निदान उपनिबंधकाच्या कार्यालयात जाऊन जुने दस्त चाळता येतात. मोटारीचे तसे नाही. तिचा इतिहास तिच्याबरोबर प्रवास करत नाही. हप्ते कधी थकले हे कर्ज देणाऱ्या संस्थेला ठाऊक असते, ती कुठे आणि किती आदळली हे विमा कंपनीला, चोरीची तक्रार झाली होती का हे पोलिसांना आणि मालक कोण हे परिवहन कार्यालयाला. ही माहिती अस्तित्वात आहे. फक्त ती वेगवेगळ्या कपाटांत आहे आणि बोली लावणाऱ्याकडे त्यांपैकी जेमतेम एका कपाटाची अर्धी किल्ली असते. लिलावात मोटार घेण्याचा धोका म्हणून जे काही सांगितले जाते, त्याचे मूळ यात आहे. ही त्रुटी अज्ञानातून आलेली नाही. माहिती पुढे न देण्याची मुभा आपल्या कायद्याने आणि व्यवहाराने दिली आहे, आणि त्या मुभेला बाजारात रोख किंमत येते.

देशात आज नव्या मोटारींपेक्षा जुन्या मोटारी अधिक विकल्या जातात. तरीही या बाजाराविषयीची आपली सार्वजनिक चर्चा कराभोवतीच फिरते. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे भरलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत नोंदणीकृत व्यावसायिकांनी विकलेल्या जुन्या मोटारींच्या नफ्यावर सरसकट १८ टक्के कर लावण्याची शिफारस झाली, तेव्हा आठवडाभर देशभर गदारोळ उडाला. तोट्यात गाडी विकणाऱ्या सामान्य माणसालाही कर भरावा लागणार, अशी समजूत पसरली. ती चुकीची असल्याचा खुलासा सरकारला करावा लागला. कर नफ्यावर आहे आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर तो लागत नाही, हे कळल्यावर चर्चा थांबली. ज्या वस्तूवर कर लावायचा, ती वस्तू नेमकी कोणती म्हणून विकली जाते, हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

लिलावात येणाऱ्या मोटारी मुख्यतः तीन वाटांनी येतात. हप्ते थकल्याने बँका व वित्तसंस्थांनी उचललेल्या, अपघातात किंवा पुरात सापडून विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या आणि सरकारी खात्यांनी निकाली काढलेल्या किंवा जप्त केलेल्या. या तिन्ही वाटांचे धोके सारखे नाहीत.

पहिली वाट सर्वांत वर्दळीची. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या आरसीवर, वित्तसंस्थेचे नाव बोजा म्हणून चढलेले असते. मालक मात्र कर्जदारच असतो. हप्ते थकले की संस्था गाडी ताब्यात घेते. पण त्यामुळे आरसी आपोआप तिच्या नावावर होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५१ (५) मध्ये त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. कर्जदार आरसी देत नसेल किंवा परागंदा झाला असेल, तर नोंदणी अधिकारी आरसीवरील पत्त्यावर पोचपावतीच्या रजिस्टर्ड टपालाने त्याला नोटीस पाठवतो, म्हणणे मांडण्याची संधी देतो आणि मग जुनी आरसी रद्द करून वित्तसंस्थेच्या नावे नवी देऊ शकतो. त्यासाठीचा अर्ज ‘फॉर्म ३६’ या नावाने ओळखला जातो. हे सारे होईपर्यंत कागदावर गाडी तिसऱ्याच माणसाची असते. लिलाव मात्र त्यासाठी नेहमी थांबतोच असे नाही. बोली जिंकणाऱ्याला गाडी मिळते, आरसी ‘प्रक्रियेत’ असते.

ताबा कसा घेतला गेला, हा याच वाटेवरचा दुसरा खड्डा. वसुलीसाठी दंडेलशाही करणारी माणसे वापरता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात स्पष्ट शब्दांत सांगितले. २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयी परिपत्रक काढले. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने एजंटांमार्फत बळाने गाड्या उचलण्याची पद्धत बेकायदा ठरवली. इतक्या वेळा सांगावे लागते, यातच काय ते आले. रस्त्यात अडवून चावी काढून घेतलेल्या गाडीचा मूळ मालक उद्या न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात गेला, तर ज्याच्या दारात ती गाडी उभी आहे त्यालाही त्या भांडणात ओढले जाण्याची भीती असते. आणि त्याला या भांडणाची सुरुवात कुठे झाली याचीही कल्पना नसते.

गेल्या हिवाळ्यात दिल्लीबाहेर, गुरुग्रामच्या पुढे महामार्गालगतच्या अशा एका आवारात मी अर्धा दिवस घालवला. धुळीने माखलेल्या शेकडो गाड्या रांगेने उभ्या होत्या. काचेवर मार्करने लिहिलेला क्रमांक, बसलेले टायर, कित्येकींच्या बॅटऱ्या गायब. दार उघडून पाहायला परवानगी होती, बॉनेटही उचलता येत होते. गाडी चालवून पाहण्याची सोय नव्हती. रेवाडीकडचा एक तरुण तिथे भेटला. दहा-अकरा वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवल्यावर आता स्वतःची गाडी घ्यायची म्हणून तो आला होता. सोबत त्याचा मामा, पेशाने मेकॅनिक. मामाने इंजिनाकडे फारसे पाहिलेच नाही. त्याने चालकाच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि त्याच्या टोकाशी चिखलाची रेघ आहे का ते पाहिले. मग मागचे आसन उचलून खालच्या पत्र्याचा वास घेतला. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खोबणीत बोटे फिरवली. गाडी कोरडी होती, एवढे त्याने सांगितले. त्यापलीकडे, सुरू न करता मी काय सांगणार, असे तो म्हणाला. आवारात बोली लागतच नव्हती. ती संध्याकाळी मोबाइलवर लागणार होती, आणि शेवटच्या मिनिटाला कोणी रक्कम वाढवली की वेळ आपोआप लांबणार होती.

त्या आवारात भेटलेले बाकीचे बहुतेक जण व्यापारी होते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातील तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास मांडला. वस्तूचे खरे मोल कोणालाच नक्की माहीत नसते, प्रत्येक जण अंदाज बांधतो, आणि ज्याचा अंदाज सर्वांत जास्त फुगलेला असतो तोच बोली जिंकतो, हे त्यांचे म्हणणे. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. न पाहिलेल्या इंजिनाची बोली आणि समुद्राखालच्या तेलाची बोली यांत तत्त्वतः अंतर नाही. व्यापारी या शापातून वाचतो, कारण तो महिन्याला चाळीस गाड्या उचलतो. चार खराब निघाल्या तर उरलेल्या छत्तीस त्यांचा भार वाहतात. रेवाडीच्या त्या तरुणाकडे एकच गाडी असणार होती आणि तीच त्याची संपूर्ण बचत असणार होती.

बोलीची रक्कम हीच किंमत, असे समजण्याचा मोहही तितकाच महाग पडतो. उदाहरणादाखल ३ लाख ६० हजारांची बोली लागली असे धरू. त्यावर लिलाव चालवणाऱ्या मंचाचे शुल्क, शुल्कावर कर, आवारातील पार्किंगचे भाडे, गाडी उचलून नेण्याचा खर्च, बॅटरी, टायर, नवा विमा, नावावर करण्याची फी, जुनी ई-चलने, आणि गाडी परराज्यातील असेल तर तेथील ना हरकत प्रमाणपत्रासह आपल्या राज्याचा रस्ता कर. आकडा चार लाखांच्या पुढे केव्हा गेला हे कळतही नाही. दिल्लीच्या गाड्या स्वस्त का असतात, याचेही कारण कागदातच आहे. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना राजधानी क्षेत्रात चालवण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मनाई कायम केली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधन न देण्याचा दिल्लीतील प्रयोग दोन दिवसांत गुंडाळला गेला, आणि ऑगस्टमध्ये न्यायालयानेच तूर्त सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. अशा प्रत्येक आदेशानिशी राजधानीतील जुन्या गाडीचा भाव हलतो, आणि त्या चढउताराचा फटका बहुधा दूरच्या जिल्ह्यातील खरेदीदाराला बसतो.

आता दुसरी वाट, विमा कंपन्यांची. माझ्या मते खरा धोका इथे आहे, आणि तो केवळ खरेदीदारापुरता नाही.

गाडीच्या विम्यात तिचे एक मूल्य ठरलेले असते, ज्याला या व्यवसायात आयडीव्ही म्हणतात. प्रचलित पद्धतीनुसार ते वयाबरोबर उतरत जाते. सहा महिन्यांनंतर १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी दुरुस्त न करता ‘टोटल लॉस’ धरली जाते. याचा अर्थ असा की आठ लाखांची गाडी पहिल्या वर्षाच्या अखेरीस आदळली आणि साडेतीन लाखांचे काम निघाले, तर ती दुरुस्त होईल. तीच गाडी, तेवढेच काम, पण पाचव्या वर्षी, तर तिची ‘टोटल लॉस’ म्हणून विल्हेवाट लागेल. म्हणजे टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी चक्काचूर झालेली नसते. तिच्या मूल्याच्या मानाने अधिकृत वर्कशॉपचे बिल मोठे होते, एवढाच कधीकधी त्याचा अर्थ. अशी गाडी लिलावात घेऊन, जुने सुटे भाग वापरून, निम्म्या खर्चात नीट चालती करणारे कुशल कारागीर देशात सर्वत्र आहेत आणि त्यांच्या कामाला मी नावे ठेवणार नाही. ज्या देशात पहिली मोटार बहुतेकदा दुसऱ्याने वापरलेलीच असते, तिथे हा उद्योग गरजेचा आहे.

अडचण अशी की ही गाडी टोटल लॉस झाली होती, हे पुढच्या खरेदीदाराला कळण्याची कोणतीही खात्रीची सोय नाही. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसवायला मोठा खर्च येतो. तिच्या जोडणीत काही रुपयांचा रेझिस्टर बसवला की डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा विझतो, वरून आवरण चिकटवले की स्टिअरिंग नव्यासारखे दिसते. वाकलेली चासी ओढून सरळ करता येते, रंग देता येतो. पुढच्या धडकेत ती कशी वागेल हे मात्र कोणी तपासत नाही. यानंतर गाडी दोनदा विकली गेली की शेवटच्या मालकाला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला, आपल्यासमोर एअरबॅग नाही, हे समजण्याचा मार्ग उरत नाही.

पुरातल्या गाड्यांचे दुखणे अधिक संथ असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ, सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूचा मोठा भाग. जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुनेने २०८.६६ मीटरची विक्रमी पातळी गाठली. प्रत्येक पुरानंतर आधी विम्याचे दावे येतात आणि काही आठवड्यांनी ओल्या गाड्यांचे लिलाव. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ते निदान लगेच कळते. वायरिंगच्या जोडण्यांत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत शिरलेला ओलावा मात्र महिनोन्महिने गंज धरत राहतो. गाडी तोवर दुसऱ्या राज्यात, जिथे पूर आलाच नव्हता अशा शहरात, एका हातावरून दुसऱ्या हातावर गेलेली असते. रेवाडीचा मामा आसनाच्या पट्ट्यात चिखलाची रेघ शोधत होता, ती उगाच नव्हे.

यापुढचा भाग गुन्हेगारीचा आहे आणि त्याची मुळेही कागदातच आहेत. मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे आणि आरसी पाठवून द्यावी. प्रत्यक्षात विम्याच्या व्यवहारात भंगार गाडीला दोन दर मिळतात, ‘आरसीसह’ आणि ‘आरसीविना’. सर्वेक्षकांच्या अहवालांत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले असतात. लोखंड तेच, काच तीच. फरक केवळ कागदाचा, आणि आरसीसहचा आकडा मोठा. दुरुस्त करून चालवणाऱ्याला तो कागद हवाच, हे खरे. पण तो आणखीही कोणाला हवा असतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची, त्याच सालातली गाडी कुठून तरी चोरायची, तिचा चासी क्रमांक घासून काढायचा, भंगारातील गाडीचा क्रमांक तिच्यावर ठोकायचा किंवा क्रमांकाचा पत्राच कापून जोडायचा, आणि अस्सल आरसीसह ती विकायची. दिल्ली आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी अशा टोळ्या वर्षानुवर्षे पकडल्या आहेत. चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठी कुप्रसिद्ध झालेला मेरठचा सोतीगंज बाजार डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला, त्याची राजकीय सभांतूनही वाहवा झाली. कागदाचा बाजार मात्र सोतीगंजात भरतच नव्हता, त्यामुळे तो बंद होण्याचाही प्रश्न नव्हता. चोरीची गाडी ‘अस्सल’ कागदावर घेणाऱ्याचे पुढे काय होते, हे सांगायला नको. पोलीस गाडी घेऊन जातात, तो साक्षीदार होतो आणि कर्जाचे हप्ते चालू राहतात.

तिसऱ्या, सरकारी वाटेबद्दल थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५७ प्रमाणे सरकारी लिलावातून गाडी घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत ‘फॉर्म ३२’ भरून, विक्री कायम झाल्याच्या आदेशासह अर्ज करायचा असतो. गाडीवर क्रमांकच नसेल, किंवा असलेला क्रमांक पडताळणीत खोटा ठरला, तर आधी लिलाव करणाऱ्या खात्याच्या नावे नवा क्रमांक द्यावा आणि मग हस्तांतर नोंदवावे, असेही हा नियम सांगतो. जप्तीतल्या गाड्यांची खरी ओळख पुसलेली असू शकते, हे नियमकर्त्यांनी ओळखले होते आणि त्यावर उपायही लिहिला होता. खासगी लिलावांसाठी अशी काळजी कुठेही दिसत नाही. पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपली आणि त्या भंगारातच काढायच्या असल्याने ही वाट आता अरुंद होत चालली आहे.

खरेदीदाराच्या पाठीशी कायदा किती उभा राहतो? वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडताच विक्री पूर्ण होते. विक्रेत्याने खोट्या बोली लावून किंमत फुगवली, तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो, असेही तेच कलम म्हणते; पण मोबाइलच्या पडद्यावरील ‘बोलीदार क्रमांक ७’ खरा की खोटा, हे तो सिद्ध कसे करणार? कलम १४ प्रमाणे विक्रेत्याला विकण्याचा अधिकार आहे, ही अट गृहीत धरली जाते. गुणवत्तेबाबत मात्र कलम १६ चा मूळ सूर खरेदीदाराने सावध राहावे असाच आहे, आणि कलम ६२ खाली करारातून बरीचशी गृहीत हमी काढून टाकता येते. ‘जे आहे जसे आहे’ची ताकद इथून येते. ग्राहक आयोगाचा दरवाजा तरी? चंदीगड प्रशासन विरुद्ध अमरजितसिंग या २००९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जाहीर लिलावात, पाहून-सवरून भूखंड घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. तो निवाडा भूखंडांचा होता, मोटारींचा नव्हे. पण लिलावात घेतले म्हणजे ग्राहक नव्हे, हा युक्तिवाद पुढे येतो तेव्हा आधार म्हणून तो हाताशी असतो. लिलाव चालवणारा मंच तर आपण विक्रेता नसून निव्वळ मध्यस्थ आहोत, असे अटींच्या पहिल्याच पानावर सांगून मोकळा होतो.

जबाबदारीची साखळी उलट दिशेनेही आवळते. लिलावातून गाडी उचलणारे अनेक व्यापारी ती स्वतःच्या नावावर करतच नाहीत. सही केलेले कोरे फॉर्म २९ आणि ३० गाडीबरोबर फिरत राहतात. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात २००९ च्या एका अपघातातील गाडी कागदाबाहेर एकापाठोपाठ एक विकली गेली होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीवर नाव असलेल्या मालकावर ठेवली. म्हणजे ज्याची गाडी हप्त्यांपायी गेली, त्याच्याच नावाने उद्या अपघाताचा दावाही येऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये लाल किल्ल्याजवळ स्फोट झालेली मोटारही अनेक हातांतून फिरलेली जुनी गाडी होती, आणि तपास यंत्रणांना पहिले काही तास आधीच्या मालकांची साखळी उलगडण्यात घालवावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी नियम ५५ अ पासूनची नवी तरतूद आणली. अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात गाडी गेली की तोच मालक समजला जाईल आणि तिच्या प्रत्येक फेरीची इलेक्ट्रॉनिक नोंद तो ठेवेल, अशी ती चांगली तरतूद आहे. कोरे फॉर्म तरीही फिरत आहेत.

इतर देशांनी हा पेच सोडवताना फार मोठी हुशारी दाखवलेली नाही. त्यांनी कपाटे एकमेकांना जोडली. अमेरिकेत १९९२ च्या मोटारचोरीविरोधी कायद्यातून मालकीहक्काच्या नोंदींची राष्ट्रीय माहिती प्रणाली उभी राहिली, आणि विम्याने निकाली काढलेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का बसतो. ब्रिटनमध्ये विमा कंपन्या अशा गाड्यांची चार वर्गांत विभागणी करतात. काही पूर्ण चिरडायच्या, काहींचे फक्त सुटे भाग वापरायचे, काही सांगाड्याला इजा झालेल्या पण दुरुस्त होणाऱ्या आणि काही सांगाडा शाबूत असलेल्या. खरेदीदाराला वर्ग कळतो, त्याप्रमाणे तो भाव देतो. दुरुस्त गाड्यांचा बाजार त्याने बुडालेला नाही.

आपल्याकडे सध्या बोली लावणाऱ्याने स्वतःच ही जोडणी करायची आहे. केंद्राच्या ‘वाहन’ पोर्टलवर बोजा, विम्याची मुदत, कर आणि चलने दिसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून, गाडी चोरीच्या नोंदीत आहे का हे पाहून तसे पत्र मिळवता येते. पत्र्यावर ठोकलेला चासी क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा, आणि त्याच क्रमांकावरून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी शेवटची केव्हा आणि किती किलोमीटरवर आली होती हे विचारावे. मीटर मागे फिरवला असेल तर बहुधा इथेच उघड होते. आरसी आज कोणाच्या नावावर आहे आणि फॉर्म ३६ ची प्रक्रिया पूर्ण झाली का, याचे उत्तर अनामत रक्कम भरण्यापूर्वी लेखी मागावे. ते मिळत नसेल तर ती गाडी सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे; स्वस्त असली तरी.

पण ही कामे एकेका नागरिकाने करायची नाहीत. टोटल लॉसचा दावा मंजूर होताच विमा कंपनीने ती नोंद थेट ‘वाहन’मध्ये टाकावी, आरसी मालकाच्या मर्जीवर सोडू नये, आणि दुरुस्तीनंतर परिवहन विभागाची तपासणी झाल्याखेरीज गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये. वित्तसंस्थेच्या नावे आरसी झाल्याशिवाय लिलावाला परवानगी नसावी. यासाठी नवे खाते, नवा कायदा लागत नाही. विम्याची माहिती एकत्र करणारी संस्था नियामकाने २००९ मध्येच स्थापन केली आहे, आणि नोंदणीची माहिती राष्ट्रीय पातळीवर एकत्र आहेच.

यावर विमा क्षेत्रातून एक आक्षेप ऐकू येतो आणि तो खोटा नाही. आरसीवर शिक्का बसला, तर भंगाराचा भाव पडेल, कंपनीच्या हाती कमी रक्कम येईल आणि अखेर प्रत्येकाचा हप्ता थोडा वाढेल. तो वाढेलच. मात्र आज तो हप्ता थोडा कमी आहे, कारण फरकाची रक्कम लिलावातला अनोळखी खरेदीदार आणि ज्याची गाडी चोरीला गेली तो माणूस भरत आहेत. कलम ५५ मोटार वाहन कायद्याबरोबर १ जुलै १९८९ पासून लागू आहे. त्यातली चौदा दिवसांची मुदत विमा कंपन्यांवरही बंधनकारक करण्यासाठी त्या कलमात एक ओळ आणि ‘वाहन’ पोर्टलवर एक रकाना वाढवावा लागेल.